टोपलीच्या तळाचे बटाटे

"वैजे, बादली... बादली सरकीव गं इकडं," आत्या म्हणली, आणि पुढचं काही बोलायच्या आत तिला परत उलटी झाली.

मी मोरीच्या दाराशी बादली सरकवली आणि मागं झाले. माझा चौथा दिवस होता आणि घरात नवरात्राचे घट बसलेले. त्यामुळं बाहेरची खोली, मोरी आणि गच्ची एवढंच माझं राज्य. आतल्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, असं आईनं चारदा बजावलं होतं.

आई पदर खोचत बाहेर आली. "पित्त झालंय, दुसरं काय. वन्सं, मी म्हणलं होतं, नुसत्या बटाट्यावर नऊ दिवस निघत नाहीत. थोडी वरी खा, ताक घ्या. पण ऐकाल तर ना!"

"घशात आग पडलीय गं." आत्या भिंतीला धरून उठली. "आणि डोकं लय ठणकतंय."

उंबऱ्याच्या अलीकडून मी आत बघत होते. माझी नजर लहानपणापासून तिखट. समोर घट, घटात बोटभर वर आलेला गहू, त्यावर झेंडूच्या पाच माळा, आणि शेजारी माझ्या बटाट्यांची टोपली. परवापर्यंत ती अर्धी होती. आता तळाला नऊ-दहा बटाटे राहिलेले, आणि एवढ्या लांबून, समईच्या उजेडातसुद्धा, मला त्यांचा रंग दिसत होता.

आत्याला काय झालंय ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

*

शाळा सोडून मला तेव्हा दीड वर्ष झालेलं. नववीत गणिताच्या सरांनी मला डस्टर फेकून मारला. मी तोच उचलला आणि परत मारला. माझा नेम चांगला आहे. दुसऱ्या दिवसापासून मी घरी. आई शिवणकामाच्या युनिटमध्ये जायची, बाबा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. कऱ्हाडात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, वर मालकांची गच्ची. दिवसभर घरात मी आणि आत्या. बाबांची मोठी बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असायची.

आत्याला एक सवय होती. काहीही बोलायच्या आधी ती एकदा माझ्या तोंडाकडं बघायची. मग बोलायची, नाहीतर बोलायचं सोडून नुसतीच पदरानं ओठ पुसायची. मला वाटायचं कौतुकानं बघते. घरात माझं कौतुक असलेलं तेवढं एकच माणूस.

बटाट्यांचं खूळ दामूनानांनी काढलं. आमच्याच मजल्यावर, जिन्याशी राहायचे, शेती खात्यातून रिटायर झालेले. जून सरता सरता एकदा गच्चीवर आले आणि म्हणाले, "कावळ्यांना खडे मारत बसलीयस, त्यापेक्षा बटाटे लाव."

"गच्चीवर?"

"पोत्यात. सिमेंटची रिकामी पोती आण, चांगली धू. खाली चार भोकं पाड, तोंड निम्म्यापर्यंत गुंडाळ. डोळे फुटलेले बटाटे मी देतो."

त्यांनी पिशवीभर बटाटे दिले. प्रत्येकाला जांभळट कोंब फुटलेले. मी पाच पोती लावली. पुढच्या आठवड्यात हिरवी पानं वर आल्यावर नाना कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मला शिकवायला लागले.

"आता ऐक. झाड वीतभर झालं की बुडाला माती ओढायची. पोत्याच्या गुंडाळीची एक घडी उलगडायची, परत माती. ह्याला भर लावणं म्हणतात. बटाटा अंधारात वाढतो, त्याला ऊन दाखवायचं नाही. ऊन लागलं की हिरवा पडतो, आणि हिरवा बटाटा म्हणजे विष. कळलं का?"

"कळलं की. मी काय बहिरी आहे?"

पहिली भर मी लावली. मागच्या गल्लीत एका बिल्डिंगचा पाया खणत होते, तिथली माती तेलाच्या डब्यातून आणायची. गच्चीपर्यंत चोपन्न पायऱ्या. अकरा डबे वाहिले. दुसऱ्या भरीच्या वेळेला तिसऱ्याच डब्याला पाय घसरला आणि सगळी माती नानांच्या दारात. नाना लुंगीवर बाहेर आले.

"एक काम धड नाही तुझं. म्हणूनच तर शाळेतनं..."

पुढचं मी त्यांना बोलूच दिलं नाही. डब्याला अशी लाथ घातली, की तो खडखडत पार तळमजल्यापर्यंत गेला. "तुमची माती तुम्हीच खावा!" म्हणलं आणि वर निघून गेले.

त्यानंतर भर लागलीच नाही.

दुसरं म्हणजे माझ्याच्यानं थांबवत नव्हतं. मातीखाली काय चाललंय ते बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. रोज दुपारी गच्चीवर जाऊन मी बोटांनी माती उकरायचे. लिंबाएवढा झालाय, आता अंड्याएवढा झालाय. उघडा केलेला बटाटा परत झाकायचं जिवावर यायचं. वर आलेला दिसला की बरं वाटायचं, माझ्या हातानं काहीतरी झालं म्हणून. ते तसेच उन्हात पडून राहायचे. मग एक दिवस एकाच्या सालीवर पोपटी झाक दिसली. पुढच्या आठवड्यात ती दुधीसारखी गडद झाली. मला ते सगळ्यांच्या आधी दिसलं. दिसणारच, बघणारी मी एकटीच होते.

घट बसायच्या चार दिवस आधी मी चार पोती उलटी केली. एकटीनंच, भर दुपारी. पाचव्या पोत्यातलं झाड उशिरा लावलेलं, अजून लहान होतं. तीन-साडेतीन किलो निघाले असतील, त्यातले निम्मे हिरवे. निम्मे फेकून दिले तर टोपली भरत नव्हती, आणि टोपली घेऊन मला नानांच्या दारावरून जायचं होतं. मी हिरवे खाली घातले, चांगले वर रचले. वरचे संपेपर्यंत खाते कोण, खालचे मग गुपचूप फेकून देऊ, असा विचार.

आत्या टोपली बघून हरखली. वरच्याच थरात काही जरा हिरवट राहून गेले होते, त्यातला एक हातात घेऊन म्हणली, "हा असा का गं?"

"तशी जातच आहे त्याची," मी म्हणलं.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "बरं," म्हणली आणि जागेवर ठेवला.

*

घटाला माती आत्यानं माझ्याच पोत्यातली घेतली. गहू पेरले, पाणी शिंपडलं, पहिली माळ घातली. मग टोपली उचलून घटाशेजारी ठेवली आणि हात जोडून म्हणली, "यंदा नऊ दिवस वैजूच्या बटाट्यांवर. एकदाच खायचं, सालीसकट. देवीला दाखवलेल्यातलं काही टाकायचं न्हाई आणि दुसरं काही तोंडात घालायचं न्हाई. एक मागणं मागितलंय."

मी टोपलीच्या तळाकडं बघितलं.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "सांगायचं नसतं."

"न सांगता कळतंय," आई हसली. "पोरीनं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसावं, दुसरं काय मागणार!"

मी रात्रभर हिशेब केला. सकाळी मंडईतून चांगले बटाटे आणायचे, आत्या आंघोळीला गेली की तळातले बदलायचे. दोन मिनिटांचं काम. सकाळी उठले, तर पाळी आलेली. आईनं माझी चटई बाहेरच्या खोलीत टाकली आणि मी उंबऱ्याच्या अलीकडं अडकले. आता घटाला शिवता येत नव्हतं, टोपलीला तर नाहीच.

सांगता आलं असतं. तोंड होतं की मला. पण मग टोपली कुणी रचली, जात म्हणून खोटं कुणी सांगितलं, भर का लावली नाही, सगळंच निघालं असतं. आणि नाना दारात उभे राहून हसले असते. मी ठरवलं, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मोकळी. तोवर वरचे पुरतील.

नाही पुरले. चौथ्या माळेला संध्याकाळी तिनं तळातले पाच उचलले. मी बघितलं. तिनं ते उकडले, सैंधव लावलं, सालीसकट कुस्करले. मी बघत बसले. पहिल्या घासाला तिचं तोंड वाकडं झालं. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि घास गिळला. मग दुसरा घेतला.

मला वाटलं, कळलं नाही तिला.

*

उलट्या थांबेनात, जुलाब सुरू झाले, तेव्हा आईनं युनिटला खाडा केला आणि आम्ही आत्याला रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. दवाखाना गच्च भरलेला. डॉक्टरांनी डोळे बघितले, पोट दाबलं.

"काय खाल्लंय?"

"काय खाणार, उपवास चाललाय," आई म्हणली. "चार दिवस नुसते उकडलेले बटाटे. तेही एक वेळेला."

"बाहेरचं? शिळं?"

"छे, घरचेच. ह्या पोरीनं गच्चीवर पिकवलेत."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हसले. "अरे वा! गच्चीवर बटाटे?"

आता सांग, मी मनात म्हणलं. आत्ता. हिरवे होते, एवढे दोन शब्द. मागं दहा-बारा माणसं बसलेली, त्यातली निम्मी आमच्या गल्लीतली. मी मान खाली घातली. डॉक्टरांना वाटलं, पोरगी लाजली.

"रिकाम्या पोटानं पित्त वाढलंय," ते म्हणाले. "इंजेक्शन देतो. पण मावशी, पोटात काहीतरी जाऊ द्या. उपाशी राहू नका."

"बटाटा चालेल का?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज एवढा बारीक कधीच नव्हता.

"चालेल की. बटाट्यानं काय होतंय?"

मी दवाखान्याच्या पायरीवर उभी होते आणि माझे दात वाजत होते. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं. आई म्हणली, "तुला काय झालं गं? तुला पण बाधलं का काय?"

*

घरी आल्यावर आत्याला आतल्या खोलीत घटासमोर गोधडीवर निजवलं. ती पाय पोटाशी घेऊन कण्हत होती. मी उंबऱ्याशी बसून तिच्या छातीकडं बघत होते. ती वर येते का, खाली जाते का. मध्येच वाटायचं, थांबली. मग मी स्वतःचा श्वास धरून बघायचे, तिची पुन्हा हलली की सोडायचे.

आईनं टोपलीतले चार बटाटे काढले आणि भांड्यात पाणी घालून गॅसवर ठेवले.

"आई, ते नको," मी म्हणलं.

"का?"

"दुसरं दे काहीतरी. साबुदाणा दे."

"नवस आहे त्यांचा. साबुदाणा खातील का त्या? आणि डॉक्टरच म्हणले ना, पोटात जाऊ दे."

पाणी उकळायला लागलं. बटाटे भांड्याच्या कडेला टकटक आपटत होते. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि कधी कधी स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी असतानाही तो ऐकला की मी गॅस बंद करते. किती वेळ गेला माहीत नाही. आईनं गॅस बंद केला, पाणी ओतलं, बटाटे ताटलीत घेतले. आत्या कोपरावर उठली.

आणि मला एकदम सुचलं. काही सांगायलाच नको. शिवलं की झालं! मी शिवले की ते बटाटे कुणीच खाणार नाही, आई स्वतःच सगळे फेकून देईल. शिव्या खाईन, मार खाईन. तेवढ्यावर भागेल.

मी उंबरा ओलांडला. सरळ घटापाशी गेले आणि टोपली दोन्ही हातांनी उचलली. मग ताटलीतल्या बटाट्यांवर हात ठेवला. गरम होते, तरी ठेवला.

"वैजे!" आई किंचाळली. "अगं घट बसलेत! कळतंय का तुला काय केलंस?" आणि काडकन माझ्या कानाखाली बसली.

"शिवले मी," मी म्हणलं. "आता टाकून दे सगळे."

आई रडायला लागली. "काय पाप केलं होतं मी म्हणून ही पोरगी... पाचव्या माळेला घट विटाळला. आता काय करू मी, कुणाला विचारू? वन्सं, आता हो?"

आत्या बसती झाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि ओठ कोरडे पडलेले. ती आईला म्हणली, "ओरडू नको. काय टाकायचं न्हाई."

"अहो पण तिनं शिवलं..."

"तिनंच पिकवलेत की. लावलं तेव्हा तिचाच हात, काढलं तेव्हा तिचाच हात. आता कसला विटाळ?" तिला दम लागला. ती थांबली, मग म्हणली, "देवी पण बाईच हाय, सविता. तिला ठाव हाय सगळं. आण ती ताटली."

आणि तिनं एक बटाटा उचलला. सालीवर सैंधव लावलं. फुंकर मारली.

माझी युक्ती तिनं अशी एका वाक्यात मोडून टाकली. आता दुसरं काही शिल्लक नव्हतं. बटाटा तिच्या ओठाला लागला, तेव्हा मी तिच्या हातावर फटका मारला. तो उडून घटाच्या मातीत जाऊन पडला, गव्हाच्या कोंबांवर.

"विष आहे त्यात!" मी ओरडले. "हिरवे आहेत ते! उन्हानं हिरवे पडलेत. जात नाही ती, खोटं सांगितलं मी. नानांनी मला सांगितलं होतं. मी भर लावली नाही. मला माहीत होतं. काल तू खात होतीस तेव्हा पण मला माहीत होतं."

आई हात गालाला लावून उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला मारूनच टाकणार. तिनं काहीच केलं नाही. आत्यानं डोळे मिटले आणि हळू आडवी झाली. तिला नवल वाटलं नाही, हे मला दिसलं. पण तेव्हा भीतीनं माझं डोकं चालत नव्हतं.

"रिक्षा आण," आई म्हणली. "पळ."

*

मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत आत्याला उभं राहवत नव्हतं. ती मला "सविता, सविता" म्हणून हाक मारत होती, म्हणजे आईच्या नावानं. मी माझ्या ओढणीत दोन बटाटे बांधून घेतले होते. तिथली डॉक्टर बाई तरुण होती, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. तिनं विचारायच्या आधीच मी गाठ सोडून बटाटे तिच्यासमोर ठेवले.

"हे खाल्लंय तिनं. काल पाच. त्याच्या आधी थोडे कमी हिरवे, तीन दिवस. सालीसकट."

तिनं एक उचलून उजेडात धरला. "कच्चे?"

"उकडून."

"उकडून ह्यातलं विष जात नाही." तिनं आत्याची नाडी धरली, घड्याळाकडं बघितलं, परत धरली. तिच्या कपाळाला आठी पडली. "नाडी मंद लागतेय. सकाळपासून उलट्या आहेत ना? मग सकाळीच का नाही सांगितलं?"

मी रिकाम्या ओढणीला परत गाठ मारत राहिले.

"बरं झालं आत्ता तरी सांगितलंस. अजून एक जेवण ह्याचं झालं असतं तर मला काही सांगता आलं नसतं." ती नर्सकडं वळली, "सलाईन लावा. ईसीजी काढा." मग आईला म्हणाली, "आजचा दिवस बघावं लागेल. लगेच काही सांगत नाही."

बाहेर बाकावर मी आणि आई बसलो. दुपारचे तीन वाजले असतील. समोरच्या भिंतीवर पाल होती, ती हलत नव्हती. नर्स नुसती कापूस न्यायला आली तरी मला वाटायचं, संपलं. बाबा हुबळीहून येतील आणि विचारतील, ताई कुठंय? आणि मी काय सांगणार? माझ्या टोपलीनं खाल्ली म्हणून?

चारच्या सुमाराला आई भिंतीकडं बघत म्हणली, "कडू लागत होते, हे वन्संनी मला दुसऱ्या माळेलाच सांगितलं होतं."

मी तिच्याकडं वळले.

"जीभ चरचरतीय म्हणल्या. म्हणलं, मग सोडून द्या, देवी काय रागावत नाही. तर म्हणल्या, देवीचं न्हाई गं, वैजीचं. तिला कोण सांगणार? शाळा अशीच रागानं सोडली, तो डबा लाथाडला. हे कळलं तर सगळं गच्चीवरनं फेकून देईल आणि परत कशाला हात लावणार नाही. पहिल्यांदा काहीतरी केलंय पोरीनं. कडू तर कडू, नऊ दिवस काढते." आईनं नाक पुसलं. "आम्हाला काय ठाऊक, विष असतंय म्हणून? वाटलं, नुसते कडू निघालेत."

"मग तू का नाही सांगितलंस मला?"

आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग नजर खाली घेतली.

"मला पण भ्या वाटतंय तुझं," ती म्हणली.

मी सकाळपासून घाबरले होते. पण ते ऐकल्यावर जे वाटलं, ते त्याच्यापेक्षा वेगळं होतं. घारीसारखी नजर माझी, सगळ्यांच्या आधी मला दिसतं. आणि दीड वर्ष हे दोघींचं बघणं माझ्यासमोर चाललेलं मला दिसलं नव्हतं.

सहा वाजता डॉक्टर बाई बाहेर आली. म्हणाली, नाडी सुधारतेय. पाणी मागितलंय.

*

आठव्या माळेला आत्याला घरी सोडलं. घटातला गहू वीतभर झाला होता. आईनं त्यातला तो बटाटा काढून टाकला होता. तिथले चार कोंब तेवढे वाकडे राहिलेले. घट हलवला नव्हता. कुणाला विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेलाचा डबा घेऊन खाली गेले. बिल्डिंगचा पाया भरून झाला होता, पण कडेला मातीचा ढीग होता अजून. डबा भरला आणि पायऱ्या चढायला लागले. नानांचं दार उघडं होतं. त्यांनी मला बघितलं. म्हणजे डब्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं. आणि दार लोटून घ्यायला लागले.

"नाना," मी म्हणलं, "मधनं ओढायची का कडेनं?"

दार थोडं थांबलं. "काय?"

"माती. भर लावताना."

"कडेनं," ते आतूनच म्हणाले. "खोडाला दाबायची नाही."

आत्या गच्चीत प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसली होती. उठू नको म्हणलं तरी वर आली होती. पाचव्या पोत्यातलं झाड आता गुडघ्याएवढं झालेलं. बुडाशी दोन छोटे बटाटे उघडे दिसत होते, अजून पांढरे होते. मी पोत्याची एक घडी उलगडली आणि कडेकडेनं माती सोडायला लागले. दोन्ही झाकले गेले. मला परत उकरून बघावंसं वाटलं. हात मागं घेतला.

"आत्या."

"काय गं?"

"देवीला काय मागितलं होतंस तू?"

मी वर न बघताच ओळखलं की ती माझ्या तोंडाकडं बघतेय. मी मान वर केली नाही. तिला निवांत बघू दिलं. बराच वेळ लागला तिला.

"काय न्हाई गं," शेवटी ती म्हणली. "पाऊसपाणी चांगलं होऊ दे, म्हणून."

"बरं," मी म्हणलं, आणि दुसरा डबा आणायला खाली गेले.